सल्काटा कासवाचा आहार: भाजीच्या टोपलीआधी गवत

घरात कासव आलं की पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे काकडीच्या चकत्या पडतात. ते मिटक्या मारत खातं, घरातले खूश होतात. आठवडाभरात टोमॅटो, कोबीचं पान, केळ्याचा तुकडा सुरू होतो, आणि आजी फारच मायाळू असतील तर दूध-भातसुद्धा. पुढची वर्ष-दोन वर्षं वरवर काहीच बिघडत नाही. कासवाचं सगळंच सावकाश असतं, दुखणंसुद्धा. मग एक दिवस लक्षात येतं की कवच दाबलं तर दबतंय, चोच वाढून खाली वळली आहे, मागचे पाय ओढत चालतंय.

जमिनीवरच्या परदेशी कासवांपैकी सल्काटा या जातीबद्दल हा लेख आहे. मला जे सांगायचंय ते एका वाक्यात मावतं: या प्राण्याला गुराख्याच्या नजरेने खायला घाला, स्वयंपाक करणाऱ्याच्या नजरेने नको. त्याचं पोट गवतासाठी बनलेलं आहे. भाजी हे त्याचं जेवण नव्हे, फार तर तोंडीलावणं.

आधी कासव ओळखा आणि कागद बघा

काळपट कवचावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतील तर ते आपल्याकडचं तारा कासव, म्हणजे स्टार टॉर्टॉइज. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणं, विकणं, विकत घेणं, सगळंच गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ पासून सर्वांत कडक बंदी आहे. ‘घरात असलं की लक्ष्मी येते’ असं सांगून कुणी ते गळ्यात मारलं असेल, तर आहाराची चौकशी करण्याआधी वन विभागाला कळवा. महाराष्ट्रात १९२६ हा त्यांचा टोल फ्री क्रमांक आहे. आपल्या मनाने जवळच्या माळावर किंवा तळ्यात सोडून देऊ नका.

पायाच्या बोटांमध्ये पडदा आणि डोळ्यांमागे लाल पट्टा असेल, तर ते पाण्यातलं रेड-इअर्ड स्लायडर. त्याचा आहार पूर्ण वेगळा, हा लेख त्याच्या उपयोगाचा नाही.

सल्काटाचं कवच वाळूच्या रंगाचं असतं, पुढच्या पायांवर जाड खवले आणि मांड्यांवर काटे असतात. मूळ घर आफ्रिकेतला साहेल, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा गवताळ पट्टा. हे जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं जमिनीवरचं कासव. गालापागोस आणि अल्डाब्रा बेटांवरची कासवं तेवढी याच्याहून मोठी. दुकानात तळहातावर मावणारं पिल्लू पुढे पन्नास किलोंच्या वर जाऊ शकतं आणि माणसाच्या आयुष्याइतकं जगू शकतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं. ही जात साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे भारतात ती बाळगणाऱ्याने २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करायला हवी. विकणारा कागद देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

पायरी पहिली: आधी ऊन, मग खाणं

गवतातला तंतू सल्काटाच्या मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव आंबवून फोडतात. घोड्याचंही पचन साधारण याच पद्धतीने चालतं. फरक एवढाच की घोड्याचं शरीर स्वतः ऊब तयार करतं आणि कासवाला ती बाहेरून घ्यावी लागते. अंग थंड असताना खाल्लेलं आतड्यात तसंच पडून राहतं, गॅस होतो, कधी सडतंही. म्हणून सकाळी उठल्या उठल्या खाणं टाकू नका. तासभर उन्हात किंवा दिव्याखाली बसू द्या. अंग तापलं की ते स्वतःच हिंडायला लागतं. तेव्हा द्या.

जागेचा एक कोपरा ३५ अंशांच्या आसपास तापलेला हवा आणि दुसऱ्या टोकाला सावली हवी. रात्री पिल्लाच्या जागेचं तापमान वीसच्या खाली जाऊ देऊ नका. उन्हाचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांशिवाय कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्याच्याशिवाय खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन दिसायला ऊनच असतं, पण हे किरण काच अडवते. त्यामुळे बंद काचेमागे तासन्‌तास बसवलेल्या कासवाची हाडं ठिसूळच राहतात. सकाळचं आठ ते दहाचं थेट ऊन, बाजूला सावली, हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगलं. काचेच्या पेटीत ठेवून पेटीच उन्हात ठेवण्याचा प्रकार मात्र कधीही करू नका, पंधरा-वीस मिनिटांत कासव आतल्या आत भाजून निघू शकतं. थेट ऊन मिळतच नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब लावा. ती पेटत राहिली तरी तिचे किरण काही महिन्यांत मंदावतात. कंपनीने दिलेल्या मुदतीला ती बदलायची.

पायरी दुसरी: गवत

ताटातला बहुतेक भाग, म्हणजे दहातले आठ घास तरी, गवताचे हवेत. आपल्याकडे याची टंचाई नाही, आपली नजर तिकडे जात नाही एवढंच.

हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, हे पहिलं गवत. बारमाही मिळते, पातं मऊ असतं, पिल्लांनाही झेपते. अमेरिकेत टेक्सास-ॲरिझोनाकडे राहणाऱ्या मराठी मंडळींच्या अंगणातलं ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणजे हीच हरळी. तिकडे सल्काटा पाळणारे तिच्यावरच त्यांना चरायला सोडतात. गणपतीला वाहिलेल्या दूर्वा मात्र घालू नका. त्यांवर हळद-कुंकू, अष्टगंध, अत्तर काहीही असू शकतं. बाजारातल्या जुड्याही कुठल्या पाण्यावर वाढल्या ते कळत नाही.

हरळीच्या जोडीला मारवेल, पवना, गिनी गवत चालतं. हत्तीगवत, म्हणजेच नेपियर, गोठ्याजवळ सहज मिळतं, पण त्यात ऑक्सलेट (कॅल्शियम अंगी लागू न देणारं द्रव्य) बरंच असतं आणि पात्याची धार लागते. रोजचं म्हणून ते नको, अधूनमधून ठीक. भाताचा पेंढा पोट भरतो, पोषण देत नाही. तो झोपायच्या जागेत अंथरा. सशांसाठी पाकिटात मिळणारं टिमोथी गवत चांगलं, फक्त महाग. मोठं कासव ते पाकीट किती वेगाने संपवतं हे बघितलं की माणूस आपोआप बांधावर जायला लागतो.

दोन गवतांपासून जपा. एक, कुसळी गवत. पावसाळा संपला की त्याला टोकदार कुसळं येतात, ती तोंडात, डोळ्यात, पायाच्या घडीत घुसतात. दोन, ज्वारीची कोवळी ताटं. कोवळ्या, विशेषतः पाण्याच्या ताणावर वाढलेल्या ज्वारीत सायनाइडचं विष तयार होतं. जनावराला ‘किराळ लागली’, म्हणजे हे विष चढलं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. गुरांना जे नको ते कासवालाही नको.

गवत कुठून आणता यावर निम्मं यश आहे. सोसायटीच्या लॉनवर तणनाशक कधी मारलं ते माळ्याला विचारा. द्राक्षबाग किंवा कापसाच्या शेजारचा बांध हिरवागार दिसला तरी तिथलं गवत घेऊ नका, फवारणी वाऱ्याने बांधावर येतेच. रस्त्याकडेचंही नको. जिथे तुम्हाला स्वतःला खात्री नाही, तिथलं गवत धुऊन घेतल्याने खात्री येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे स्वतः पेरणं. नवरात्रात घटाभोवती धान्य रुजवतात, तीच रीत. पसरट ट्रेमध्ये तीन-चार बोटं माती, रात्रभर भिजवलेले गहू किंवा जव दाट पसरायचे, वर मातीचा पातळ थर, रोज पाण्याचा हबका. आठ-दहा दिवसांत वीतभर पाती येतात. तीन ट्रे काही दिवसांच्या अंतराने पेरले की एक संपेपर्यंत दुसरा तयार. गहू किराणा दुकानातले, खायचेच घ्या. बियाण्याच्या दुकानातलं गुलाबी-लाल दिसणारं बी बुरशीनाशक लावलेलं असतं. दाण्यांना पांढरी बुरशी धरली तर तो ट्रे टाकून द्या, पावसाळ्यात असं होतंच. ही कोवळी पाती पिल्लांना छान, पण त्यांत तंतू कमी असतो. म्हणून मोठ्या कासवाला फक्त त्यावर ठेवू नका. हरळीचं तर याहून सोपं. मुळांचे तुकडे आणून पसरट कुंडीत लावा, पुढे ती तुम्हाला उपटून काढता येणार नाही.

पिल्लाच्या चोचीत लांब पातं तोडायची ताकद नसते. त्याला कात्रीने सेंटिमीटरभर तुकडे करून, थोडं ओलं करून द्या. वीतभर कवच झालं की बोटभर तुकडे. त्याहून मोठ्याला कापून देऊच नका. जमिनीत रुजलेलं गवत मान ताणून तोडताना चोच झिजते. जे कायम मऊ, चिरलेलं खातं, त्याची चोच वाढते आणि मग डॉक्टरकडे घासून घ्यावी लागते.

पायरी तिसरी: पानं आणि फुलं

उरलेल्या दोन घासांत विविधता आणायची ती इथे, आणि हा भाग खरा मजेचा आहे. जास्वंद सर्वांत वर: पान आणि फूल दोन्ही. लाल फुलावर सल्काटा जितक्या लगबगीने येतं, तितकं ते दुसऱ्या कशावर येताना मी बघितलेलं नाही. तुतीची पानं उत्तम. फांदी खोचली तरी रुजते, त्यामुळे अंगण असणाऱ्याने एक झाड लावूनच टाकावं. देशी गुलाबाच्या पाकळ्या चालतात, फुलवाल्याकडच्या नाहीत. भोपळ्याच्या, दोडक्याच्या वेलीची पानं, फुलं चालतात. फवारणी नसलेल्या द्राक्षवेलीची पानं चालतात, पण तशी वेल सापडणं कठीण.

रानभाज्या ओळखणाऱ्यांना पाथरी माहीत असते. चिकाची, किंचित कडू, जमिनीलगत पसरणारी. युरोप-अमेरिकेतल्या आहार-याद्यांत डँडेलिअनचं नाव पहिलं असतं. पाथरी त्याच कुळातली. आपल्याकडे डँडेलिअन शोधत बसण्यापेक्षा पावसाळ्यात पाथरी खुडावी. केना, म्हणजे बांधावरची निळ्या फुलांची रसाळ वनस्पती, तीही थोडी चालते.

फड्या निवडुंगाची फडी ही दुष्काळातली मोठी सोय. पाणी आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर. मोठे काटे दिसतात म्हणून काढले जातात. त्रास देतात ती केसाएवढी बारीक कुसळं. चिमट्यात धरून फडी गॅसच्या ज्योतीवर दोन्ही बाजूंनी फिरवा, मग सुरीने खरवडा, धुवा, पट्ट्या कापा. आठवड्यातून एक-दोनदा पुरे, जास्त झाली तर पोट सुटतं.

शेवग्याचा पाला आणि लसूणघास यांबद्दल जरा हात आखडता घ्या. दोन्हींत कॅल्शियम चांगलं, पण प्रथिनंही भरपूर. वाढत्या पिल्लाला आठवड्यातून एखादी डहाळी द्या. मोठ्याला रोज भारा नको.

नर्सरीतून आणलेलं रोप लगेच खायला घालायचं नाही. मुळांतून शोषली जाणारी कीटकनाशकं त्याच्यात असू शकतात. माती बदला, काही महिने थांबा, नव्या फुटीचीच पानं तोडा.

पायरी चौथी: मंडईतून आणायचंच असेल तर

रोज बांधावर जाणं कुणालाच जमत नाही, हे मान्य. मेथी, शेपू, थोडी कोथिंबीर, दुधीचा किस, लाल भोपळ्याचा तुकडा हे गवतात मिसळायला ठीक. गाजर कधीतरी, किसून. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे महागडं पाणी.

पालक, चुका, राजगिरा, माठ, चाकवत, मायाळू, घोळ, बिटाची पानं: आपल्या ताटातल्या या गुणी भाज्या कासवाच्या रोजच्या खाण्यात का नकोत, तर ऑक्सलेटमुळे. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते अंगी लागू देत नाही. एखाद्या दिवशी चार पानं खाल्ली म्हणून काही होत नाही. ‘पालकात लोह असतं’ म्हणून रोज जुडी घालणं चूक. कोबी, फ्लॉवरचा पाला, मुळ्याचा पाला, मोहरी यांचा कायमचा मारा थायरॉइडच्या कामात अडथळा आणतो. पंधरवड्यातून थोडं दिलं तर हरकत नाही.

काकडी आणि टोमॅटो विषारी नाहीत. त्यांत पाणी आणि गोडी आहे, तंतू आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, आणि त्यांची चटक लागते. हा शेवटचा मुद्दा सर्वांत वाईट.

फळं नकोत. केळं, आंबा, कलिंगड, सफरचंद, काहीच नको. साहेलच्या गवताळ पट्ट्यात या प्राण्याला फळ क्वचितच भेटतं. साखर आतड्यात गेली की तंतू फोडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तोल जातो, विष्ठा पातळ होते, जंतांना रान मोकळं मिळतं. आंब्याच्या दिवसांत घरात कितीही मोह झाला तरी कोय त्याच्यापुढे टाकू नका.

काय अजिबात नको

पोळी, भात, ब्रेड, बिस्किट, दूध, पनीर, अंडं, मांस, कुत्र्या-मांजराचं खाणं, कडधान्यं आणि त्यांचे मोड. यातलं पनीर आणि कुत्र्याचं खाणं ‘लवकर मोठं व्हावं’ म्हणून देतात. कासव लवकर मोठं होतंही, आणि त्याची किडनी, यकृत, हाडं ती किंमत मोजतात.

अंगणात चरायला सोडत असाल तर आधी झाडं बघा. कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, रुई, धोतरा, घाणेरी, एरंड, गुंज, सदाफुली ही विषारी. अळू, मनीप्लांट, डिफेनबाकिया यांच्या पानांतले सुईसारखे स्फटिक तोंड सुजवतात. गाजरगवत उपटून टाका. टोमॅटो-बटाट्याच्या झाडाचा पाला नको. सुबाभूळ शेळ्या खातात म्हणून चालेल असं वाटतं, पण त्यातलं मिमोसीन हे विषारी द्रव्य सल्काटासाठी नको. कासवाला विष कळतं, ते आपोआप टाळतं, असं ऐकाल. त्या भरवशावर राहू नका. साहेलमध्ये जन्मलेल्या जातीला आपल्या कुंपणावरच्या कण्हेरीची ओळख असायचं काही कारण नाही.

पायरी पाचवी: कॅल्शियम

एकूण खाण्यात फॉस्फरसच्या किमान दुप्पट कॅल्शियम जायला हवं. गवत आणि जास्वंद, तुती, निवडुंग यांच्यावर वाढणाऱ्या कासवाला हिशेब फारसा करावा लागत नाही. तरी वाढीच्या वयात आणि अंडी घालणाऱ्या मादीला वरून द्यावंच.

सर्वांत सोपं म्हणजे समुद्रफेस, माकूळ या समुद्री जिवाच्या पाठीतलं पांढरं हाड. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं, पक्ष्यांचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, कोकणातल्या किनाऱ्यावर तर फुकट पडलेलं असतं. किनाऱ्यावरून आणलं तर काही दिवस गोड्या पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला, कडक उन्हात वाळवा. त्याच्या जागेत एक तुकडा कायम पडलेला असू द्या, लागेल तेव्हा ते स्वतः कुरतडतं. शिवाय फॉस्फरस नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची पूड पिल्लाच्या गवतावर आठवड्यातून दोन-तीनदा चिमूटभर. उकळून, वाळवून, मिक्सरमधून काढलेली अंड्याची टरफलंही तेच काम करतात. पानाला लावायचा चुना मात्र देऊ नका. तोही कॅल्शियमच, पण दाहक. तोंड आणि अन्ननलिका पोळते.

थेट ऊन रोज मिळत असेल तर ड जीवनसत्त्वाची वेगळी पूड नको, जास्त झाल्यास तेही अंगावर येतं. घरातच वाढणाऱ्या कासवासाठी ती किती द्यायची हे वजन बघून डॉक्टरांनी ठरवावं.

पायरी सहावी: पाणी, आणि कवचावरचे उंचवटे

‘वाळवंटातलं कासव, त्याला पाणी कशाला?’ या समजाने बरीच पिल्लं मरतात. साहेलमध्ये सल्काटा दिवसाचा मोठा भाग खोल बिळात काढतं, आणि तिथली हवा दमट असते. पिल्लाला रोज, मोठ्याला आठवड्यातून एक-दोनदा, पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा. पाणी हनुवटीच्या खाली राहील एवढंच. त्यात ते पितं, शी-शू करतं. पाणी लगेच फेका आणि टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो, तेव्हा हातही साबणाने. जागेत कायमचं पाणी ठेवायला कुंडीखालची उथळ मातीची बशी पुरते.

लघवीतून पांढरं येतं, ते युरेट. सायीइतकं मऊ असेल तर ठीक. वाळूसारखं खरखरीत किंवा घट्ट येत असेल तर पाणी कमी पडतंय. दुर्लक्ष केलं तर मूत्राशयात खडा बनतो, आणि तो बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच निघतो.

कवचावर पिरॅमिडसारखे उंचवटे आले की दोष प्रथिनांना दिला जातो. २००३ साली व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी सल्काटाच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांना उंचवटे ठळकपणे जास्त आले, आणि प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ निघाला. तेव्हा विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात पिल्लाच्या लपायच्या जागेतली माती, नारळाचा भुसा ओलसर ठेवणं हे आहाराइतकंच महत्त्वाचं. आलेले उंचवटे जात नाहीत. पुढची वाढ तेवढी सपाट करता येते.

काकडीची चटक लागलेलं कासव गवतावर कसं आणायचं

बहुतेकांची गाडी इथे अडते. गवत ठेवलं की ते वास घेतं, तोंड फिरवतं, आणि मालक दुपारपर्यंत विरघळून काकडी चिरतो. कासव हट्टी असतं, आणि तुमच्यापेक्षा जास्त सवड त्याला आहे, हे आधी ध्यानात घ्या.

पहिल्या आठवड्यात त्याचं आवडतं खाणंच द्या, पण बारीक चिरून, आणि त्यात हरळी अगदी बारीक कापून कालवा, दहातला एक वाटा. पाणी शिंपडा, म्हणजे गवत भाजीला चिकटतं आणि निवडून बाजूला सारता येत नाही. दर तीन-चार दिवसांनी गवताचा वाटा थोडा वाढवा, तुकडे थोडे लांब करा. काकडीची जागा हळूहळू दुधीच्या किसाला आणि जास्वंदीच्या पाकळ्यांना द्या. नवं मिश्रण नेहमी अंघोळ आणि ऊन झाल्यावर, भूक असेल त्या वेळी द्या. शक्य असेल तर हिरव्यागार गवतावर नुसतं सोडा. पुष्कळ कासवं ताटातलं गवत नाकारतात आणि जमिनीतलं चरतात.

मोठं, धडधाकट कासव दोन-चार दिवस रुसून बसलं तर घाबरू नका. पिल्लाच्या बाबतीत हा खेळ खेळू नका. ते दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर आधी तापमान तपासा, मग डॉक्टर गाठा. आणि हा बदल थंडीत सुरू करू नका. भूक थंडीमुळे गेली की हट्टामुळे, हे कळणार नाही. पूर्ण बदलाला महिना-दोन महिने लागणं स्वाभाविक आहे.

किती, कशावर

पिल्लाला रोज, त्याच्या कवचाएवढा ढीग. गवतच असेल तर मोजायची गरज नाही, दिवसभर पडू द्या, चरणाऱ्या प्राण्याचं तेच आहे. मोजायचं ते पालेभाजी आणि पूड. खाणं वाळूवर किंवा सुट्या मातीवर टाकू नका, घासाबरोबर पोटात जाते आणि आतडं तुंबतं. शहाबादी फरशीचा तुकडा उत्तम: धुता येतो, आणि खाताना चोच घासली जाते.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पिल्लाचं वजन दर आठवड्याला, एकाच वेळी, अंघोळीआधी घ्या आणि वहीत लिहा. हळू वाढ चांगली. घसरण दोन-तीन आठवडे चालू राहिली तर काहीतरी बिघडलंय. विष्ठा घट्ट आणि गवताचे तंतू दिसतील अशी असावी.

ऋतूप्रमाणे

पावसाळ्यात गवताला तोटा नाही, पण ओलं गवत ढिगात ठेवलं तर दिवसभरात तापून बुरशी धरतं. लागेल तेवढंच कापा. कोकणात सलग आठवडाभर ऊन दिसत नाही, तेव्हा दिवा हवाच. पाऊस सरताना, कुसळं धरायच्या आत, गवत कापून सावलीत वाळवा आणि गोणीत कोरड्या जागी ठेवा. ही उन्हाळ्याची बेगमी. वाळलेलं गवत नाकारलं तर पाणी शिंपडून, वर चार पाकळ्या चुरून द्या.

सल्काटा शीतनिद्रा घेत नाही. नाशिक, पुणे, नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीत ते गप्प बसलं तर ‘झोपलंय’ म्हणून सोडू नका, गारठलंय. रात्री ऊब द्या आणि खाणं दुपारी, संध्याकाळच्या आत पचायला सुरुवात होईल असं. एप्रिल-मेमध्ये उलट: सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर.

दुसऱ्या जातीचं असेल तर

परदेशात राहणाऱ्यांकडे बऱ्याचदा हर्मन किंवा रशियन कासव असतं. ही गवतापेक्षा रुंद पानांच्या तणांवर जगणारी, म्हणून डँडेलिअन, प्लँटेन नावाचं रुंद पानांचं तण, क्लोव्हर असं मिश्रण हवं. शिवाय ती शीतनिद्रा घेतात आणि त्याआधी खाणं बंद करायची वेगळी पद्धत आहे. दक्षिण अमेरिकेतलं रेड-फुटेड जंगलातलं, ते फळंही खातं. सल्काटाची यादी त्यांना तशीच लावू नका.

डॉक्टरकडे जाताना

कवच दबणं, डोळे सुजणं, नाकातून किंवा तोंडातून फेस, उघड्या तोंडाने श्वास, आठवडाभर विष्ठा नाही, मागचे पाय लुळे: यात घरगुती उपाय नकोत. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. नेहमीचा कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर प्रामाणिकपणे ‘मला यातलं फारसं माहीत नाही’ म्हणाला तर त्याचे आभार माना आणि दुसरा विचारा. वजनाची वही, खाण्याचे फोटो आणि शक्य असेल तर ताजी विष्ठा डबीत घालून न्या, जंतांची तपासणी त्यावरच होते. जंतांचं औषध तपासणीशिवाय देऊ नका. आणि कुणीही, कितीही आत्मविश्वासाने, आयव्हरमेक्टिन द्यायला निघालं तर तिथेच थांबवा. गुरांना, कुत्र्यांना सर्रास दिलं जाणारं हे औषध कासवांच्या जिवावर उठतं.